वाचनात कच्च्या संताच्या गावातली पुस्तकभिशी

ज्या संताचं नाव आमच्या गावाला आहे, त्याचं आणि पुस्तकांचं कधी जमलंच नाही. इटलीतल्या कोपर्तीनो गावचा योसेफ, जन्म १६०३. वाचनात कच्चा, आणि सतत आ वासून कुठेतरी बघत बसायचा. पोरांनी त्यावरून चिडवायचं नावही पाडलं होतं. धर्मदीक्षेची परीक्षा आली तेव्हा बायबलातलं एकच वचन त्याला धड समजावून सांगता येत होतं, आणि परीक्षकानं नेमकं तेच विचारलं! पुढच्या परीक्षेत बिशपनी पहिल्या काही उमेदवारांची उत्तरं ऐकली, ते खूश झाले आणि उरलेल्यांना न विचारताच पास करून मोकळे झाले. उरलेल्यांत योसेफ होता, अशी कथा आहे. आज तो परीक्षार्थींचा पाठीराखा संत मानला जातो. १७७६ मध्ये आन्सा नावाच्या स्पॅनिश सेनाधिकाऱ्याच्या मोहिमेचा तळ इथल्या एका ओढ्याकाठी पडला आणि त्या ओढ्याला या संताचं नाव मिळालं. ओढ्याचं नाव पुढे बदललं, तो आता स्टीव्हन्स क्रीक. जुनं नाव कॅलिफोर्नियातल्या या गावाला चिकटलं: क्युपर्टिनो.

महिनाभर पुस्तक उघडायचंही नाही आणि भिशीला मात्र वेळेवर हजर राहायचं, अशा आमच्यातल्या मंडळींना याहून चांगलं ग्रामदैवत कुठे मिळणार?

भिशी पैशांची नाही, पुस्तकांची. महिन्यातल्या एका शनिवारी कुणाच्या तरी घरी आठ-दहा जण जमतो. प्रत्येकानं महिनाभरात काय वाचलं ते सांगायचं, मग चिठ्ठी काढायची. जिचं किंवा ज्याचं नाव निघेल, तिनं किंवा त्यानं पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवायचं. न वाचता आलात तर दंड म्हणजे जेवणानंतरची भांडी. डिशवॉशर असतानाही ती हातानं घासायची, असा ठराव आहे.

तेवीस किलोंचं साहित्य

इथल्या मराठी वाचनाची खरी सूत्रं कुणा समीक्षकाकडे नाहीत, ती विमानतळावरच्या वजनकाट्याकडे आहेत. एका बॅगेत २३ किलो. त्यात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुणासाठी तरी दिलेलं कुणाचं तरी पार्सल, आणि उरलेल्या फटीत मराठी साहित्य. त्यामुळे ‘रणांगण’सारखी सडपातळ कादंबरी साड्यांच्या घडीत बसून सहज येते (बोटीवरच घडणारी ही कादंबरी १९३९ची, म्हणजे प्रवासाची तिला सवय आहे), पण कर्णावरचं जाडजूड ‘मृत्युंजय’ आणायचं तर घरात चर्चा होते. आमच्याकडे एकदा कर्णाच्या बाजूनं लोणच्याची बरणी मागे ठेवावी लागली. कर्ण जिंकला, एवढं एकच युद्ध.

पन्नास पानांचा कायदा

न आवडलेलं पुस्तक किती सोसायचं? यावर सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी हिशेबच घालून दिलाय. पन्नाशीपर्यंत प्रत्येक पुस्तकाला पन्नास पानं द्या. पन्नाशी ओलांडली की शंभरातून आपलं वय वजा करा, येईल तितकीच पानं. साठीला चाळीस, पंचाहत्तरीला पंचवीस. शंभरी गाठलीत तर शून्य, म्हणजे नुसतं मुखपृष्ठ बघून मत द्यायचा अधिकार! आमच्याकडे हा अधिकार काही जण पस्तिशीतच बजावतात, तो भाग वेगळा. या पर्लबाई इतक्या लोकप्रिय की त्यांची खेळण्यातली बाहुली निघाली. तिचा हात हलतो आणि बोट ओठांवर जातं: गप्प बसा.

अख्ख्या शहरानं एकच पुस्तक वाचायचं आणि त्यावर बोलायचं, हा प्रयोगही त्यांचाच, १९९८चा. आमच्या सांता क्लारा काउंटीत २००३ पासून ‘सिलिकॉन व्हॅली रीड्स’ चालतं. दर वर्षी एक विषय, त्याभोवती निवडक पुस्तकं, वाचनालयांतून कार्यक्रम. त्याचा नारळ अनेकदा क्युपर्टिनोतल्या डी अँझा कॉलेजात फुटलाय. नारळ आपला शब्दापुरता.

आणि याच गावातल्या जगप्रसिद्ध कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज जानेवारी २००८ मध्ये काय म्हणाले होते? लोक हल्ली वाचतच नाहीत, तेव्हा पुस्तक वाचायच्या यंत्राची कल्पनाच मुळात फसलेली. दोनच वर्षांनी, जानेवारी २०१० मध्ये, त्यांनी आयपॅड दाखवला आणि त्यासोबत पुस्तकांचं दुकानही. स्वतः मात्र ते एक पुस्तक पुन्हापुन्हा वाचत. योगानंदांचं ते आत्मचरित्र मराठीत ‘योगी कथामृत’ म्हणून आपल्या कित्येक घरांत देव्हाऱ्याशेजारी असतं. २०११ मध्ये त्यांच्या स्मरणसभेला आलेल्यांना त्याचीच एकेक प्रत मिळाली.

‘नको’ म्हणा, नाहीतर पुस्तक येईल

महिन्याचं एक पुस्तक, हा धंदा अमेरिकेत १९२६ मध्ये हॅरी शेरमन यांनी काढला: ‘बुक ऑफ द मंथ क्लब’. जाणकारांची समिती पुस्तक निवडायची आणि ते टपालानं सभासदांच्या घरी जायचं. पुढे पद्धत अशी पडली की वेळेत नकार कळवला नाही तर पुस्तक आलंच म्हणून समजा. (आग्रह करकरून वाढणाऱ्या काकूंना हे तत्त्व त्याआधीपासून ठाऊक होतं.) पहिलीच निवड सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर यांच्या ‘लॉली विलोज’ची. भावाच्या संसारात राबणारी अविवाहित आत्या एक दिवस घर सोडते आणि चेटकीण होते. पहिल्याच महिन्यात हे! समितीला मानलं पाहिजे.

आपल्याकडे हे काम एका मासिकानं केलं. जानेवारी १९६४ मध्ये मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी ‘ललित’ काढलं. नवं काय आलंय, घ्यावं की नाही, हे मराठी वाचकाला दर महिन्याला त्यातून कळू लागलं. पण बरेच जण अंक उघडायचे ते ‘ठणठणपाळ’साठी. वसंत सरवटे यांच्या चित्रातला तो हातोडेवाला बुवा मोठमोठ्या लेखकांना टपल्या मारायचा, आणि टपली खाल्लेले लेखकच पुढच्या अंकाची वाट बघायचे. त्या नावामागे होते जयवंत दळवी. आणि दळवी नोकरी कुठे करायचे? मुंबईत, अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याच्या कचेरीत. क्युपर्टिनोच्या भिशीत दळवींवर आमचा थोडा हक्क पोचतो, तो असा.

त्या काळात अमेरिकन पुस्तकांचे मराठी अवतारही काय तोलामोलाचे निघाले! हेमिंग्वेचा म्हातारा कोळी पु. ल. देशपांडे यांनी आणला, थोरोचं ‘वॉल्डन’ दुर्गाबाई भागवतांनी, आणि ‘लिटल विमेन’च्या ‘चौघीजणी’ केल्या शांताबाई शेळक्यांनी. आमची सगळ्यात रंगलेली बैठक याच पुस्तकावर झाली. आयांनी लहानपणी ‘चौघीजणी’ वाचलेली, इथे जन्मलेल्या मुलींनी शाळेत मूळ इंग्रजी. त्यातली ज्यो चुकली की बरोबर, यावर दोन पिढ्या दीड तास भांडल्या, एक पिढी मराठीत, दुसरी इंग्रजीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. ‘कोसला’च्या वेळी असं झालं नव्हतं. तेव्हा एकाच पिढीतली, एकाच भाषेत बोलणारी माणसं होती, आणि कुणालाच कुणाचं काही पटलं नाही. १९६३ पासून हे पुस्तक तेच काम चोख करतंय.

पेटी गेली, पेटी आली

आता माझा सगळ्यात लाडका किस्सा. न्यूयॉर्क राज्यात मेल्विल ड्यूई यांनी १८९३ मध्ये फिरत्या वाचनालयांच्या पेट्या सुरू केल्या. १९०६ मध्ये बडोद्याचे सयाजीराव महाराज अमेरिकेत आले, इथली वाचनालयं बघून गेले, आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालालाच त्यांनी बडोद्याला बोलावून घेतलं. मग बडोदे संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या.

शंभरेक वर्षं गेली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या कल्पनेतून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. मराठी पुस्तकांची पेटी एका गटाकडे, काही महिन्यांनी ती पुढच्या गटाकडे, वाचकाला पैसे पडत नाहीत. या पेट्या दुबई, नेदरलँड्स, टोकियो करत अमेरिकेत आल्या. म्हणजे उसनी नेलेली कल्पना आपण परत केली, आणि वर पुस्तकंही भरून दिली.

त्याच २००९ मध्ये, फेब्रुवारीत, शेजारच्या सॅन होजेला पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं. साहित्यिकांनी एवढ्या लांब जाऊन संमेलन भरवावं का, यावर तिकडे महाराष्ट्रात रीतसर वाद झाला. वाद नसता तर ते संमेलन वाटलंच नसतं. अध्यक्ष होते गंगाधर पानतावणे. ‘अस्मितादर्श’चे संपादक म्हणून त्यांनी लेखक आणि वाचक यांना एका मांडवात आणणारे मेळावे वर्षानुवर्षं भरवले होते. वाचकाला लेखकासमोर उभं करून बोलायला लावणारा माणूस निवडला, हे मला त्या सगळ्या गदारोळात फार आवडलं होतं.

या महिन्याच्या भिशीला एका मैत्रिणीची आई आली होती. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली, वय अठ्ठ्याहत्तर. पर्लबाईंचा कायदा आम्ही तिला समजावून सांगितला: काकू, तुम्हाला बावीस पानं पुरे. तिनं ऐकून घेतलं. “बाविसाव्या पानापर्यंत तर लग्नच ठरत नाही,” म्हणाली. तिनं पुस्तक प्रस्तावनेपासून मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचलं होतं. आमच्यापैकी पुस्तक पूर्ण केलेली ती एकटीच. तिला मत विचारलं तर म्हणाली, “बरं आहे. पण दोनशे चाळीस पानांत बाई एकदाही नीट जेवली नाही.” हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती परत निघते आहे. येताना गच्च भरून आलेल्या तिच्या दोन्ही बॅगा आता रिकाम्या आहेत. तिच्या गावच्या वाचनालयासाठी आमची वाचून झालेली पुस्तकं त्यांत भरायचं ठरलंय. काल पहिली बॅग काट्यावर ठेवली, सव्वीस किलो भरली. ‘मृत्युंजय’ बाहेर काढावं लागणार, असं दिसतंय.