शिवराई घेताय? आधी हे ऐका

आज बोलूया शिवराईबद्दल. शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’.

हे नाणं हाताने पाडायचे. तांब्याचा तुकडा दोन ठशांमध्ये ठेवायचा, वरून हातोडा! ठसा मोठा, तुकडा लहान, त्यामुळे अक्षरं कापली जायची. माझ्याकडच्या एका शिवराईवर ‘पति’ पूर्ण आहे, ‘छत्र’ अर्धंच. मजा तीच, दोन शिवराया सहसा जुळत नाहीत.

म्हणूनच दोन नाणी हुबेहूब सारखी, अक्षरही त्याच जागी कापलेलं दिसलं, तर सावध! ती साच्यात ओतलेली नक्कल असू शकते. मोबाईल झूम करून कडेला जोडाची रेघ, अंगावर बारीक छिद्रं शोधा.

विकणारा ‘महाराजांच्या काळातलं’ म्हणेल, पण शिवराई पेशवाईतही पाडली जायची. खरं नाणं मिळालं तर चिंचेने घासू नका. जुना रंग गेला की किंमतही जाते. आणि शेतात ठेवा सापडला, तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

घाई नको. आधी बघा, मग पैसे काढा. भेटूया पुढच्या भागात!