दुसऱ्या नंबरची चंगळ

आयपीएलचा कप उचलायचा असेल तर गुणतक्त्यात कितवं यावं? पहिलं म्हणाल तर फसाल. २०११ ते २०२५ या १५ हंगामांत तक्त्यात दुसरा आलेला संघ तब्बल ९ वेळा विजेता ठरला, पहिला आलेला फक्त ५ वेळा. त्यातही २०११ पासून सलग पाच वर्षं दुसऱ्या नंबरवालाच कप घेऊन गेला. या काळात अव्वल राहून जिंकण्याचा पहिला मुहूर्त २०१७ मध्ये मुंबईने साधला. चेन्नईचं तर काय सांगावं! खात्यात पाच कप, पण त्या पाचांपैकी एकाही वर्षी संघ तक्त्यात पहिला नव्हता. चार वेळा दुसरा, एकदा तिसरा.

गंमत नियमातच आहे. पहिले दोघे एकमेकांशी खेळतात. जिंकेल तो थेट अंतिम फेरीत, हरेल त्याला आणखी एक संधी. म्हणजे चौदा सामने घाम गाळून पहिल्या आलेल्याला दुसऱ्यापेक्षा शेंगदाणाभरही जास्त मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्याला मात्र एक हरलं की बॅग भरायची. त्या वाटेने सलग तीन सामने मारून कप नेणारा संघ या १५ वर्षांत एकच: २०१६ चा सनरायझर्स हैदराबाद.

ही पद्धत मूळची मेलबर्नची, आणि तीही क्रिकेटमधली नव्हे, फुटबॉलमधली! तिथल्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये पूर्वी अव्वल संघाचे लाड फार. अंतिम सामन्यात हरला तरी ‘चला, पुन्हा एकदा खेळू’ असं म्हणायचा त्याला हक्कच होता. १९३१ मध्ये हे बंद होऊन चार संघांची नवी रचना आली आणि तिला रिचमंड क्लबच्या पर्सी पेज यांचं नाव चिकटलं. पहिल्याच वर्षी रिचमंडने जिलाँगला हरवून थाटात अंतिम फेरी गाठली. जिलाँगला नव्या नियमाने दुसरी संधी मिळाली, तो मागच्या दाराने अंतिम फेरीत आला आणि रिचमंडलाच हरवून विजेता झाला. पेजसाहेबांच्या क्लबला पेजसाहेबांचाच नियम भोवला.

आयपीएलच्या नियमांतला खरा थरार पाहायचा तर २५ मे २०१४, वानखेडे. प्लेऑफसाठी मुंबईला राजस्थानविरुद्ध १९० धावा हव्या होत्या, आणि त्याही १४.३ षटकांत. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ कुटल्या, तरी १४.३ षटकं झाली तेव्हा धावसंख्या १८९ वर बरोबरीतच. संपलं? छे! नेट रनरेटचा हिशेब अजून जिवंत होता: पुढच्या चेंडूवर चौकार गेला तरी मुंबई आत. मुंबईकर आदित्य तरेने फॉकनरचा फुलटॉस थेट षटकारासाठी भिरकावला. एरवी शांतपणाचा पुतळा असलेल्या राजस्थानच्या राहुल द्रविडने टोपी जमिनीवर आपटली. एवढं करून तीन दिवसांनी ब्रेबॉर्नवर चेन्नईने मुंबईला घरी पाठवलं, ते वेगळं.

गट पाडण्यात मात्र अमेरिकेचा हात कुणी धरू नये. तिथल्या बेसबॉलमध्ये अटलांटा हे पूर्वेकडचं शहर १९६९ पासून २५ हंगाम ‘पश्चिम’ विभागात होतं! त्याचा फटका १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला बसला. १०३ सामने जिंकूनही संघ बाहेर, कारण अटलांटाने १०४ जिंकले आणि विभागातून एकच संघ पुढे जायचा. त्याआधी १९८१ मध्ये तर संपामुळे हंगामाचे दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचा विजेता पुढे घेतला. सिनसिनाटीची एकूण कामगिरी साऱ्या बेसबॉलमध्ये सर्वोत्तम, पण दोन्ही तुकड्यांत दुसरा नंबर. म्हणून घरी! सगळेच दुसरे नंबर काही आयपीएलमधल्यासारखे नशीबवान नसतात.

आइस हॉकीवाल्यांनी १९६७ मध्ये सहाचे बारा संघ केले आणि सहाही नवखे एकाच विभागात कोंबले. त्यामुळे अंतिम फेरीत एक नवखा ठरलेलाच. सेंट लुईस ब्लूज १९६८, ६९ आणि ७० असे सलग तीनदा तिथे पोहोचले आणि तिन्ही वेळा ०-४ ने हरले. बारा सामने, बारा पराभव.

बास्केटबॉलमध्ये २०२१ च्या हंगामात सातव्या ते दहाव्या क्रमांकांसाठी ‘प्ले-इन’ आलं, तेव्हा लेब्रॉन जेम्स भडकले. ही कल्पना काढणाऱ्याला नोकरीवरून काढा, असं म्हणून मोकळे झाले. काही दिवसांतच त्यांचा लेकर्स संघ सातवा येऊन त्याच प्ले-इनमध्ये अडकला आणि लेब्रॉननीच शेवटच्या मिनिटात लांबून तीन गुणांची बास्केट टाकून तो सोडवला. २०२३ मध्ये मायामी हीट प्ले-इनचा पहिला सामना हरला, दुसरा जिंकून कसाबसा आत शिरला आणि थेट अंतिम फेरीपर्यंत गेला.

युरोपात फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगने २०२४ मध्ये गट मोडून ३६ संघांचा एकच लांबलचक तक्ता केला. पहिल्याच वर्षी लिव्हरपूल तक्त्यात पहिला, पॅरिस सेंट-जर्मेन पंधरावा. बाद फेरीत दोघांची गाठ पडली, पेनल्टींवर पॅरिस जिंकलं आणि पुढे अंतिम सामन्यात इंटर मिलानचा ५-० असा फडशा पाडला.

आणि आपली रणजी? तिथे २००२-०३ पासून बलाढ्यांचा एलिट आणि उरलेल्यांचा प्लेट अशी विभागणी झाली. प्लेट म्हणजे पंगतीत शेवटी बसणारे, असाच समज. २०१०-११ मध्ये त्याच प्लेट गटात राजस्थानच्या दीपक चहरने पदार्पणातच १० धावांत ८ बळी घेत हैदराबादला २१ धावांत गुंडाळलं. मग राजस्थानने एलिटवाल्यांत घुसून उपांत्यपूर्व फेरीत मुंबईची वाट लावली, अंतिम फेरीत बडोद्यावर पहिल्या डावाची आघाडी घेतली आणि इतिहासात पहिल्यांदा रणजी करंडक नेला. योगायोग म्हणणाऱ्यांसाठी पुढच्या वर्षी पुन्हा नेला.