गुण आणि गर्व

मार्गासनीवरून जाणाऱ्या वाटेनें राजगडाच्या पायथ्याशीं पोहोंचतां येतें. गड मुळांतच उंच व अवघड. तथापि ज्यांनीं तो वसविला त्यांनीं केवळ उंचीवर विसंबून न राहतां तिन्ही माच्यांस तट घातले आणि दरवाजे बांधून वाटा राखिल्या. मनुष्याच्या अंगच्या गुणांचेंही असेंच आहे. धर्मकार्यांतील पुढाऱ्यांविषयीं तर हें विशेषच खरें आहे.

ज्याची वाणी गोड व लेखणी तेजस्वी, त्याच्या दोषांकडे आम्ही काणाडोळा करितों. मग त्यासही वाटूं लागतें कीं, इतरांस लागू असलेला नियम आपणांस लागू नाहीं. गर्वाचा उगम तो हाच. दावीद राजा मोठा कवि व योद्धा खरा. परंतु त्याचें पाप त्याच्या तोंडावर सांगावयास नाथान संदेष्टा उभा राहिला आणि राजानें तें ऐकून घेतलें, म्हणूनच तो सावरला.

आमच्या महाराष्ट्रांत रे. नारायण वामन टिळक यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अभंगांनीं मराठी मंडळीस स्वतःची वाणी मिळाली. १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला व १९१९ सालीं ते निवर्तले. पुढें लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ सालापासून भागशः प्रसिद्ध झालीं. त्यांत टिळकांचा शीघ्रकोप, घरीं न सांगतां निघून जाणें, पैशाविषयींची बेफिकिरी, हें सारें बाईंनीं न लपवितां सांगितलें आहे. त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर आपणांस सोसावी लागलेली ताटातूटही सांगितली आहे. परंतु त्या सांगण्यांत कडवटपणा नाहीं, आणि स्वतःची फजितीही त्या तितक्याच मोकळेपणानें सांगतात. यामुळें टिळकांची थोरवी रतिभरही उणी झाली नाहीं. उलट, जिनें दोष झांकिले नाहींत तिनें केलेली स्तुति आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटते.

जबाबदारीचे दोन प्रकार आहेत. पंडिता रमाबाईंच्या कार्यास साह्य करण्यासाठीं १८८७ सालीं बोस्टन येथें एक मंडळी स्थापन झाली. १८८९ सालीं उघडलेल्या शारदासदनाचा वृत्तांत तिच्यापुढें दरवर्षीं ठेविला जाई. पैशाचा व कामाचा हिशेब असा कागदावर मांडतां येतो. स्वभावाचा हिशेब मात्र घरचीं व सोबतचीं माणसेंच ठेवूं शकतात. आणि तीं भीतीनें गप्प बसलीं तर तो कोठेंच राहत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न केवळ थोरांचा नाहीं. वक्तृत्वाचें बक्षीस मिळविणारा मुलगा शाळेच्या शिपायास अरे-तुरे करितो, आणि तो हुशार म्हणून आम्ही हंसून सोडून देतों. तेव्हांच उद्यांच्या गर्विष्ठ पुढाऱ्याचा पाया आम्ही घालीत असतों. म्हणून ज्यास गुण अधिक, त्यानें आपणांस स्पष्ट बोलणारा एक तरी मित्र जोडावा, आणि तो बोलला असतां रागावूं नये. मित्रानेंही प्रेमानें बोलावें, परंतु बोलावें खास.