विश्लेषण : हवामानबदलाचे शिक्षण घेऊन करिअर कसे घडते?

चेंबूरच्या वाशी नाका परिसरातील भारत नगरात १८ जुलै २०२१ रोजी मुसळधार पावसात घरांवर भिंत कोसळून १९ जणांचा मृत्यू झाला. पाऊस किती पडेल आणि त्याचा फटका कोणत्या वस्तीला बसेल, हे दोन्ही सांगणारे तज्ज्ञ शहराला हवे आहेत. ते घडतात कुठे?

विज्ञान शाखेतून मार्ग कोणता?
हवामानशास्त्राचा पाया भौतिकशास्त्र आणि गणित हा आहे. बीएस्सीनंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्रात एमएस्सी करता येते. पवईच्या आयआयटी मुंबईत हवामान अभ्यासात पीएचडी होते.

गणित सुटले असेल तर?
तरीही दार बंद नाही. चेंबूरलगतच्या देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (टिस) हवामानबदल आणि शाश्वततेवर पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तेथे वस्ती, उपजीविका, धोरण या अंगाने विषय शिकता येतो.

नोकऱ्या कुठे?
भारतीय हवामान विभाग आणि पुण्याची आयआयटीएम ही ओळखीची ठिकाणे. पण तेथील जागा मर्यादित. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. ‘सेबी’ने २०२२-२३ पासून आघाडीच्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. त्यामुळे पालिका, सल्लागार संस्था आणि कंपन्यांतही काम आहे.

तयारी काय करावी?
संख्याशास्त्र, संगणकीय प्रोग्रामिंग आणि जीआयएस नकाशे पदवीच्या काळातच शिकावेत. नुसत्या पदवीपेक्षा हे कौशल्य मुलाखतीत अधिक उपयोगी पडते.