पाण्यातील पारा आणि उजळणारे रेणू

जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाता या किनाऱ्यावरच्या नगरात १ मे १९५६ रोजी एका विचित्र मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. रुग्णांचे हातपाय थरथरत, वाणी अडखळे, दृष्टीचे क्षेत्र आक्रसत जाई. कोळीवाड्यांतील मांजरे तर त्याआधीच वेड लागल्यासारखी नाचत मेली होती. दोष मासळीत आहे, हे लवकरच ध्यानी आले. पण मासळीत नेमके काय? कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी मँगेनीज, सेलेनियम, थॅलियम असा एकेका मूलद्रव्यावर संशय घेतला आणि सेंद्रिय पाऱ्यापर्यंत ते १९५९ च्या जुलैमध्ये पोहोचले. आपल्या प्रक्रियांची माहिती देण्यास चिस्सो कंपनी राजी नव्हती, हेही या विलंबाचे एक कारण होय.

विषारी धातू जागच्या जागी ओळखणारे रेणू घडविण्याचा जो उद्योग रसायनशास्त्रात आज चालू आहे, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. अशा रेणूला दोन अंगे असतात. एक धातूच्या आयनाला धरून ठेवते. दुसरे त्याची वार्ता प्रकाशाने किंवा रंगाने कळविते. ऱ्होडामाइन या गुलाबी रंगद्रव्याचे एक वलय मिटवून ठेवले की ते रंगहीन होते. योग्य आयन येताच वलय उघडते आणि द्रव गुलाबी होऊन उजळतो. १९९७ मध्ये झार्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तांब्याच्या आयनाने करून दाखविले. पुढे पाऱ्यासाठीही हीच युक्ती वापरली गेली. पाऱ्याला गंधकाचे विलक्षण आकर्षण. म्हणून पकड बहुधा गंधकाचीच असते. ‘मर्कॅप्टन’ या गंधकयुक्त संयुगांच्या नावाचा मूळ अर्थच मुळी ‘पाऱ्याला पकडणारे’ असा आहे!

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पारा ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. इतका सूक्ष्म अंश प्रयोगशाळेतील अणुशोषण यंत्रे उत्तम मोजतात. परंतु ती महाग, आणि जिवंत पेशीत पारा कोठे साठला हे त्यांना दाखविता येत नाही. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली उजळणारा रेणूच हवा. मात्र येथेच अतिउत्साहाला आवर घालावयास हवा. ऊर्ध्वपातित पाण्यात, तेही अल्कोहोलसारखा द्रावक मिसळून, चोख चालणारा रेणू गढूळ ओढ्यात चालेलच असे नव्हे. पेशीत तर ग्लुटाथायोनसारखी गंधकयुक्त द्रव्ये पाऱ्याला आधीच कवटाळून बसलेली असतात. रेणू उजळला नाही म्हणजे पारा नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे.

शिवाय ज्ञान झाले म्हणजे ते बाहेर येतेच असेही नाही. चिस्सोच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला घातले. प्रयोगवहीत तिचा क्रमांक ४००. ऑक्टोबरमध्ये तिच्यात तीच लक्षणे प्रकटली. या प्रयोगाला ना महाग यंत्र लागले, ना नवा रेणू. कंपनीने तो दडपला आणि पारायुक्त सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले. होसोकावांची साक्ष १९७० मध्ये रुग्णशय्येवरून नोंदविली गेली. मार्च १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने रुग्णांच्या बाजूने निकाल दिला.