चाळणारा पडदा

पहिला पाऊस झाला की आमच्या गोखिवऱ्यात दिवेलागणीला वाळवीची पाखरं निघतात. तुंगारेश्वरचं रान जवळच, त्यामुळे ट्यूबलाइटखाली त्यांचा सडा पडतो. एकदा अशाच संध्याकाळी ओट्यावर बेडूक येऊन बसला. पाखरू फडफडलं की त्याची जीभ बाहेर. पण पंख गळून निपचित पडलेल्या डझनभर पाखरांच्या मधोमध बसूनही त्याने एकाला तोंड लावलं नाही. मी केरसुणीच्या काडीने ती पुढ्यात सरकवली, तेव्हा दोन लगेच गट्ट. शिळं न खाण्याचा बाणा वगैरे काही नव्हता. पडलेलं पाखरू त्याच्या लेखी पाखरूच नव्हतं.

हे कोडं 1959 साली अमेरिकेतल्या एमआयटीतल्या जेरोम लेटव्हिन, उंबेर्तो मातुराना, वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांच्या निबंधाने बरंचसं उलगडलं. बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंचे संदेश त्यांनी टिपले. काही तंतू फक्त लहान, गडद, गोलसर कडेची वस्तू हलली तरच बोलत. बेडकाच्या परिसराचं रंगीत छायाचित्र डोळ्यापुढे फिरवलं, तंतू गप्प. त्या चित्रावर माशीएवढी वस्तू चुंबकाने सरकवली, तंतू खडखडू लागले. तीच वस्तू चित्राला चिकटवून दोन्ही एकत्र हलवली, पुन्हा शांत! म्हणजे निवड मेंदूत पोचण्याआधीच, डोळ्याच्या पडद्यात होत होती.

शाळेत आपण डोळा म्हणजे कॅमेरा असं घोकलं. ही उपमा भिंगापर्यंत ठीक आहे, पडद्यापाशी ती कोलमडते. माणसाच्या एका डोळ्यात सुमारे 12 कोटी दंडपेशी आणि 60 लाखांच्या आसपास शंकुपेशी, पण मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम 10-12 लाख. एवढ्या गर्दीचा ऐवज तेवढ्या वाटांनी न्यायचा, तर चाळण लावावीच लागणार. ती लावतात मधल्या थरांतल्या पेशी. गंमत अशी की प्रकाश टिपणाऱ्या पेशी अंधारातच रसायन सोडत बसतात. उजेड पडला की त्यांचा हात आखडतो. पुढच्या पेशी या आखडण्यावरून उजेड ओळखतात.

चाळणीची तऱ्हा पाहायची तर गेरूने सारवलेलं अंगण घ्या. मधल्या सपाट गेरूबद्दल सांगण्यासारखं फारसं नसतं. रांगोळीच्या पांढऱ्या रेघेच्या कडेला मात्र पेशी एकदम जाग्या होतात. स्टीफन कुफ्लर यांनी 1953 साली मांजराच्या डोळ्यावर प्रकाशाचे बारीक ठिपके टाकून याचं कारण दाखवलं. पडद्यातून मेंदूकडे तंतू धाडणाऱ्या प्रत्येक पेशीचा आपला छोटासा गोल इलाखा असतो. काहींना मधे उजेड आणि भोवती अंधार लागतो, काहींना नेमकं उलट. सगळीकडे सारखाच उजेड असला, तर मधला भाग आणि भोवतालचा भाग एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. शेजाऱ्याला दाबण्याची हीच खोड हाल्डन हार्टलाइन यांना घोड्याच्या नालासारख्या दिसणाऱ्या लिम्युलस या समुद्रजीवाच्या डोळ्यात आधीच सापडली होती. त्यांना 1967 चं नोबेल मिळालं, राग्नार ग्रॅनिट आणि जॉर्ज वॉल्ड यांच्यासोबत. म्हणून गेरूवरची रेघ पांढऱ्या फरशीवरच्या रेघेपेक्षा उठून दिसते. आजीला हे नोबेलविना ठाऊक होतं, ती आधी गेरू कालवायची.

पडद्याला मेंदूचा नोकर म्हणणंही खरं तर चूक. गर्भात मेंदूच्याच भागातून कोंब फुटतो आणि त्याचा पडदा होतो. या नात्याची किंमतही मोजावी लागते. मोतीबिंदूत गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवता येतं, पण काचबिंदूत मेलेले तंतू मेंदूतल्या तंतूंप्रमाणेच परत उगवत नाहीत. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, तेव्हा सुरुवातीला दुखत नाही आणि बहुधा कमीही दिसत नाही.

घरात कुणाला मधुमेह असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि वर्षातून एकदा तरी पडदा तपासून घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं. तेव्हा स्कूटर घरी ठेवा, सोबत कुणाला तरी घेऊन रिक्षाने जा.