सांडपाण्यातील जीवाणू आणि गोडे पाणी

सूक्ष्मजीवांपासून वीज मिळते, हे इंग्लंडमधील एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच दाखविले होते. सेंद्रिय घाण पचविताना काही जीवाणू इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात; त्यांचा प्रवाह तारेतून वाहतो. २००९ मध्ये चिनी व अमेरिकी संशोधकांनी अशा विद्युतघटाच्या दोन कप्प्यांमध्ये खाऱ्या पाण्याचा तिसरा कप्पा बसविला. त्याचा एक पडदा क्लोराइडला वाट देतो, दुसरा सोडियमला. विद्युतभाराचा समतोल राखण्यासाठी मीठ दोन्हीकडे ओढले जाते. बाहेरून वीज न देता सुमारे ९० टक्के क्षार निघाले!

तरीही आम्ही हुरळून जात नाही. त्या प्रयोगात जीवाणूंना सांडपाणी नव्हे, अ‍ॅसिटेट दिले होते. शिवाय त्यांच्याच कप्प्यात आम्ल साचते. पडदा ते बाहेर जाऊ देत नाही आणि जीवाणू मंदावतात.